एकाच अभ्यासातून लेख, सदर आणि पुस्तक : मुक्त लेखनातले व्यवहाराचे तपशील

टाचण

लेख छापून आला, मानधन जमा झालं की टाचणं बासनात गुंडाळायची, असं बरेच लेखक करतात. लेखनावरच पोट असेल तर हे परवडत नाही. दोन हजार शब्दांच्या लेखामागे वाचन, तीन-चार मुलाखती आणि पडताळणी असते. तासाभराचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला साधारण चार तास जातात. यंत्राकडून उतरवून घेतलं तरी नावं, आकडे आणि बोलीतले शब्द पुन्हा ऐकून तपासावेच लागतात. या सगळ्या श्रमांचा मोबदला एका लेखातून निघत नाही, म्हणून त्याच अभ्यासातून चार-पाच कामं काढावी लागतात. ती कशी काढायची आणि त्यातून पुस्तकापर्यंत कसं पोचायचं, यासाठी हा धागा.

उदाहरणाला दीपगृहं घेऊ. विज्ञानाच्या मासिकाला भिंगावरचा लेख जाईल: ऑगस्तँ फ्रेनेलने जाडजूड भिंगातली अनावश्यक काच काढून टाकून फक्त वक्र कडा वर्तुळाकार पायऱ्यांत कशा मांडल्या, आणि १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात ते भिंग कसं बसवलं गेलं. मुलांच्या मासिकाला सातशे शब्दांत सांगता येईल की प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याला ठरावीक लय असते आणि खलाशी तिच्यावरून जागा ओळखतो. प्रवासाच्या मासिकाला लोकांसाठी खुली असलेली दीपगृहं, व्यवसायांवरच्या सदराला दीपगृहाच्या रखवालदाराची मुलाखत. टाचणवही एकच, पण प्रत्येक लेखाचा प्रश्न वेगळा. शब्द इकडचे तिकडे करून तोच लेख दोन ठिकाणी दिला तर दोन्ही संपादक कायमचे तुटतात.

टाचण काढताना एका नोंदीत एकच तथ्य लिहावं. त्याखाली स्रोत, पान क्रमांक आणि पाहिल्याची तारीख. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं असेल तर तिथल्या तिथे अवतरणचिन्हं घालावीत. सहा महिन्यांनी वही उघडली की आपलं वाक्य कुठलं आणि ग्रंथातलं कुठलं हे ओळखू येत नाही. नकळत होणारं वाङ्मयचौर्य बहुतेक इथूनच सुरू होतं.

उपसंपादक

चांगला धागा. मासिकाच्या टेबलाच्या या बाजूने प्रस्तावाबद्दल लिहितो.

'मला दीपगृहांवर लिहायचं आहे' हा प्रस्ताव नाही, तो फक्त विषय झाला. प्रस्ताव एका पानात, दोनशे ते तीनशे शब्दांत बसावा. पहिल्या दोन वाक्यांत लेखातली सर्वांत ठसठशीत गोष्ट यावी. मग हा लेख आत्ताच का, मासिकाच्या कुठल्या विभागात बसेल, किती शब्दांचा, कोणाकोणाशी बोलणार, चित्रं मिळणार का, आणि कोणत्या तारखेला हातात देणार. स्वतःची ओळख शेवटी दोन ओळींत पुरे. पाठवण्याआधी मासिकाचे गेल्या वर्षभराचे अंक चाळावेत. आठ महिन्यांपूर्वी तोच विषय येऊन गेला असेल तर नकार ठरलेला, आणि आपण अंक वाचत नाही हेही संपादकाला कळतं.

वेळेचं गणित नव्यांना कळत नाही. मासिकाचा अंक साधारण तीन ते सहा महिने आधी आखला जातो. एखाद्या घटनेच्या शताब्दीचा लेख त्याच महिन्यात सुचवला तर तो कितीही चांगला असो, जागा नसते. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एक आठवण करावी. त्यानंतर 'अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर इतरत्र पाठवतो' असं स्पष्ट लिहून मोकळं व्हावं.

नव्या मासिकात शिरण्याची वाट बहुधा अंकाच्या सुरुवातीच्या पानांवरच्या छोट्या मजकुरातून जाते, दीडशे ते चारशे शब्दांच्या. अनोळखी लेखकाला चार हजार शब्द द्यायला कोणी धजत नाही, तीनशे शब्द देऊन बघायला मात्र हरकत नसते.

शब्दमर्यादा १,५०० असेल तर १,५०० च्या आसपासच. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. १,९०० शब्द आले की मांडणीच्या आदल्या रात्री कोणीतरी शेवटचे चार परिच्छेद उडवतो, आणि लेखकाने सगळा जोर तिथेच लावलेला असतो. यावर चांगला उपाय म्हणजे दीड-दोनशे शब्दांचा एखादा तुकडा मूळ लेखाला धक्का न लावता काढता येईल अशा वेगळ्या चौकटीत द्यावा. जाहिरात आली तर चौकट जाते, लेख शाबूत राहतो. फ्रेनेलचं भिंग दीपगृहाच्या कुठल्याही लेखात चौकट म्हणून बसेल.

लेखासोबत पडताळणीची वेगळी प्रत जोडणारा लेखक मला फार मोलाचा वाटतो. या प्रतीत प्रत्येक नाव, साल आणि आकड्याला क्रमांक असतो, आणि शेवटी त्या क्रमांकापुढे स्रोत. ही प्रत छापायची नसते, पण एखाद्या वाचकाने आक्षेप घेतला तर उत्तर दहा मिनिटांत तयार होतं.

कोरा कागद

फोटोंचं काय? लेखकानेच काढलेले फोटो चालतात का?

उपसंपादक

चालतात, पण आकार बघा. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. सहा बाय चार इंचांचा फोटो छापायचा तर किमान १८०० बाय १२०० पिक्सेल हवेत. फोनवर चांगला काढलेला फोटो संदेशातून पुढे ढकलला की तो आकसतो, पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर फुटतो. मूळ फाइल ईमेलने किंवा दुव्याने पाठवा. फोटोओळी वेगळ्या कागदावर, फोटोच्या फाइलचं नाव लिहून द्या. आणि लेखाच्या मानधनात फोटो धरलेत की त्यांचे वेगळे पैसे मिळणार, हे आधीच विचारा.

समास

हक्कांचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. टाचण म्हणतात तसं एका अभ्यासाचं पुस्तक करायचं असेल तर लेख देताना काय लिहून दिलंय यावरच सगळं अवलंबून आहे.

कल्पनेवर, माहितीवर कोणाचा हक्क नसतो, मांडणीवर आणि शब्दांवर असतो. म्हणून त्याच टाचणांवरून नवा लेख लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. तोच मजकूर पुन्हा वापरायला मात्र लागू शकते. १८८६ च्या बर्न करारात सामील झालेल्या देशांत लेखन कागदावर उतरलं की हक्क आपोआप लेखकाचा होतो, नोंदणीची अट नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षं तो टिकतो, अनेक देशांत ७०. लेखकाचं नाव देण्याचा आणि लेखनाची मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्क या करारात १९२८ मध्ये आला.

मासिकाला प्रत्यक्षात एवढंच हवं असतं की हा लेख सर्वांत आधी आमच्याकडे यावा. याला प्रथम प्रकाशनाचा हक्क म्हणतात. तो एकदाच वापरता येतो आणि मग बाकी सगळं लेखकाकडे परत येतं. मासिकाला काही काळ एकाधिकार हवा असेल तर महिने लिहून घ्यावेत: तीन महिने, सहा महिने. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं वाक्य असेल तर स्वतःच्या पुस्तकात स्वतःचाच लेख घ्यायला परवानगी मागावी लागेल.

हा हक्क उलट्या दिशेनेही विकता येतो. रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' जून १९६२ मध्ये 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात तीन भागांत आलं आणि पुस्तक त्याच वर्षी सप्टेंबरात. पुस्तकाआधी प्रकरणं नियतकालिकात देण्याचा हक्क कोणाकडे राहणार आणि त्याचे पैसे कसे वाटले जाणार, हे पुस्तकाच्या करारात वेगळं कलम म्हणून येतं. ते वाचल्याशिवाय सही करू नये.

इलेक्ट्रॉनिक वापराचंही तसंच. अमेरिकेत सहा मुक्त लेखकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'सह इतर प्रकाशकांवर दावा केला होता. छापील अंकासाठी दिलेले लेख प्रकाशकांनी परवानगीवाचून संगणकीय विदागारांना (डेटाबेसना) दिले, अशी तक्रार होती. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी लेखकांच्या बाजूने निकाल दिला. परिणाम दुहेरी झाला. काही जुने लेख विदागारांतून काढले गेले, आणि मुक्त लेखकांच्या करारात इलेक्ट्रॉनिक हक्क सरसकट मागितले जाऊ लागले. आज ते कलम जवळपास सगळीकडे दिसतं. ते खोडता आलं नाही तरी 'एकाधिकाराविना' एवढा एक शब्द घालून घ्यावा. मासिकाला संकेतस्थळावर लेख ठेवता येतो आणि लेखकाचा पुस्तकाचा मार्गही मोकळा राहतो.

बोरू

समास यांच्याशी बहुतांशी सहमत, पण 'सर्व हक्क' म्हटलं की प्रत्येक वेळी हात आखडू नये. फोटोओळी, शब्दकोडी, उत्पादनाची माहितीपत्रकं, कोशातल्या अनाम नोंदी, शिक्षक-मार्गदर्शिका ही कामं परत वापरण्याजोगी नसतातच. तिथे हक्क देऊन टाकावेत, पण रक्कम त्या हिशोबाने एकदाच भरघोस घ्यावी. नियमित उत्पन्नाचा मोठा भाग अशाच निनावी कामांतून येतो आणि त्याच्या आधारावर लांब पल्ल्याचं पुस्तक लिहायला उसंत मिळते. महिन्याला किती तास निनावी कामाला द्यायचे याची मर्यादा मात्र आखावी, नाहीतर पुस्तक कधीच सुरू होत नाही.

मानधनाबद्दल तीन गोष्टी लेख लिहायला बसण्यापूर्वी लेखी हव्यात. दर शब्दावर की लेखावर. शब्दावर असेल तर मागितलेल्या शब्दांवर की छापलेल्या. पैसे स्वीकृतीनंतर की प्रकाशनानंतर. प्रकाशनानंतर असेल तर लेख वर्षभर पडून राहिला तरी पैसे नाहीत. आणि मागवलेला लेख त्यांनी छापलाच नाही तर काय. शेवटच्यासाठी रद्दशुल्क ठरवतात, साधारण ठरलेल्या रकमेच्या पाव ते अर्ध्यापर्यंत. रद्दशुल्क दिलं की हक्क ताबडतोब लेखकाकडे परत, हे वाक्य हवंच. फोनवर ठरलं असेल तर त्याच दिवशी 'आपलं असं बोलणं झालं' असा चार ओळींचा ईमेल टाकावा. बहुतेक वाद तेवढ्यावर मिटतात.

टाचण

बोरू, मान्य. फक्त कोशातल्या नोंदीसाठी वाचलेलं आपलंच असतं. नोंद त्यांची, टाचण आपलं.

फर्मा

पुस्तकाकडे येऊ. वीस लेख जमले की पुस्तक झालं, असं वाटणं हीच पहिली अडचण. मासिकातला प्रत्येक लेख स्वतंत्र उभा असतो, त्यामुळे प्रत्येकात तीच पार्श्वभूमी पुन्हा येते. दीपगृहांवरचे वीस लेख एकत्र केले तर फ्रेनेल वीस वेळा भेटेल आणि वाचक तिसऱ्यांदा पुस्तक मिटेल. आधी सगळ्या लेखांतली तथ्यं सुटी करून एका तक्त्यात मांडावीत: कुठलं तथ्य पहिल्यांदा कुठे येईल आणि नंतर फक्त उल्लेख कुठे. मग पुस्तकभर पुरेल असा एक प्रश्न शोधावा, उदाहरणार्थ 'किनाऱ्यावरचा माणूस आणि समुद्रातला माणूस एकमेकांवर विश्वास कसा ठेवू लागले?' या प्रश्नाला न लागणारे लेख कितीही गाजलेले असले तरी बाहेर ठेवावेत. अशा कसोटीत जुन्या मजकुरातला बराच भाग गळतो आणि निम्म्याहून जास्त नव्याने लिहावा लागतो. ज्याला हे नको असेल त्याने सरळ निवडक लेखांचा संग्रह करावा आणि प्रत्येक लेखाखाली मूळ प्रकाशनाचं मासिक व महिना द्यावा. तोही प्रामाणिक प्रकार आहे, पण तो विकायला कठीण.

आता लांबी. छपाई फर्म्यांत होते, सहसा सोळा पानांचा एक. पानावर सुमारे २५० शब्द धरले तर ६०,००० शब्दांची २४० पानं, म्हणजे बरोबर पंधरा फर्मे. पण शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना यांत दहा-बारा पानं जातात, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होतं, शेवटी नावा-विषयांची सूची असते. म्हणजे ६०,००० शब्द दिले की पुस्तक २५५-६० पानांवर जातं. सोळा फर्म्यांची २५६ पानं भरून तीन पानं वर राहिली तर त्या तीन पानांसाठी अख्खा फर्मा वाढतो, खर्च वाढतो, आणि शेवटी प्रकाशक तीन पानं कापायला सांगतो. म्हणून फर्मे किती हे आधी विचारून शब्दसंख्या हजारभराने खालीच ठेवावी.

प्रकाशकाला पाठवायच्या प्रस्तावात सगळं हस्तलिखित नको. माहितीपर पुस्तकासाठी दोन-तीन पानांचा गाभा, प्रकरणवार आराखडा (प्रत्येक प्रकरणाला एक परिच्छेद), पूर्ण लिहिलेली दोन प्रकरणं, वाचक कोण, बाजारात आधीची कुठली पुस्तकं आहेत आणि हे वेगळं कसं. कादंबरी असेल तर मात्र पूर्ण संहिता तयार लागते.

समास

करारातल्या स्वामित्वधनाबद्दल (रॉयल्टीबद्दल) फर्मा यांनी लिहावं. टक्केवारी सगळे बघतात, ती कशाची हे कोणी बघत नाही.

फर्मा

हो, नेमकं तेच. पुस्तकाची छापील किंमत १०० धरा. दहा टक्के छापील किमतीवर असतील तर प्रतीमागे १०. तेच दहा टक्के प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर असतील आणि वितरकाला ४० टक्के सूट दिली असेल, तर ६० वर दहा टक्के म्हणजे ६. आकडा तोच, उत्पन्न चाळीस टक्क्यांनी कमी. हातच्या रकमेवर करार करायचा तर टक्केवारी त्या प्रमाणात वाढवून मागावी.

आगाऊ रक्कम म्हणजे पुढच्या स्वामित्वधनातलाच हप्ता. तेवढी वसुली होईपर्यंत नवे पैसे येत नाहीत. ती सहसा तीन टप्प्यांत मिळते: सहीच्या वेळी, संहिता स्वीकारल्यावर, प्रकाशनानंतर. पुस्तक खपलं नाही म्हणून ती परत करावी लागत नाही. संहिता दिलीच नाही तर मात्र करावी लागते.

बाकी कलमांत दोनावर अडून बसावं. पुस्तक उपलब्ध नसेल तर हक्क परत येण्याचं कलम जुन्या करारांत 'प्रती संपल्यावर' असं असे. आता मागणीनुसार छपाई आणि ई-पुस्तक असल्यामुळे पुस्तक कागदोपत्री कधीच संपत नाही. म्हणून 'वर्षभरात अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास' असा आकडा घालावा. दुसरं, पुढचं पुस्तक आधी यांनाच दाखवण्याचं कलम. ते खोडून घ्यावं, नाही जमलं तर उत्तरासाठी साठ दिवसांची मुदत घालावी.

कोरा कागद

दुसऱ्याच्या नावाने आत्मचरित्र लिहून देण्याचं काम हल्ली बरंच मिळतं. त्याचा करार कसा करतात?

बोरू

शब्दांकनाचा करार पुस्तकाच्या करारापेक्षा काटेकोर हवा, कारण इथे 'झालं' कधी म्हणायचं हे दुसऱ्याच्या मनावर असतं. मुलाखतींचे तास ठरवा. साठ-सत्तर हजार शब्दांच्या आत्मचरित्राला वीस ते तीस तासांचं बोलणं लागतं. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, त्यापुढे तासावर आकारणी. पैसे टप्प्यांनी: सहीला, पहिल्या तीन प्रकरणांना, पूर्ण खर्ड्याला, अंतिम प्रतीला. पुस्तक छापून येवो न येवो, पैसे कामाचे. नाव कुठे येणार (मुखपृष्ठावर, श्रेयपानावर की कुठेच नाही) हे लिहून घ्या. कोणाबद्दल बदनामीकारक मजकूर निघाला तर जबाबदारी सांगणाऱ्याची, हेही. पहिलं प्रकरण मंजूर होईपर्यंत दुसरं लिहू नये. सांगणाऱ्याचा आवाज पकडलाय की नाही ते तिथेच कळतं, आणि बारा प्रकरणं लिहून झाल्यावर 'मी असं बोलत नाही' ऐकावं लागलं तर सगळं पुन्हा लिहिणं आलं.

कानामात्रा

मुद्रितांच्या, म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानांच्या टप्प्यावर मराठीत होणारी एक नेमकी गडबड सांगते. युनिकोडमधली संहिता मांडणीसाठी जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित केली की सर्वांत आधी ऱ्य मोडतो. हा ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. रूपांतरात ते जोडचिन्ह गळलं की दऱ्या जाऊन दर्या येतो. शुद्धलेखन तपासनीस हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. संहिता देण्याआधी शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच पद्धत करून टाका. ॲ या अक्षराला स्वतंत्र जागा युनिकोडमध्ये २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसतो. ॲरिस्टॉटल, ॲल्युमिनियम असे शब्द वेगळे शोधून बघा.

आणि मांडणी झालेल्या पानांवर वाक्यं नव्याने लिहू नका. अनेक करारांत लेखकाने केलेले बदल जुळणीच्या खर्चाच्या दहा टक्क्यांपुढे गेले तर जादा खर्च लेखकाच्या खात्यात पडतो. एक ओळ वाढली की परिच्छेद ढकलला जातो, पान ढकललं जातं, आणि सूचीतले पान क्रमांक चुकतात. शब्द घालायचाच असेल तर त्याच परिच्छेदातून तेवढाच काढा.

टाचण

सूची लेखकाने स्वतः करावी की करून घ्यावी?

कानामात्रा

अंतिम पानं हातात आल्याशिवाय सूचीला पान क्रमांक देता येत नाहीत, आणि तोवर प्रकाशक घाईत असतो. दहा-पंधरा दिवसच मिळतात. म्हणून नोंदींची यादी आधी करून ठेवा, पानं आली की फक्त क्रमांक भरा. २४० पानांच्या पुस्तकाला सात-आठ पानांची सूची पुरते. नुसती विशेषनामं नकोत. 'धुकं', 'तेलाचा पुरवठा', 'रखवालदारांचे पगार' अशा नोंदी वाचक शोधतो. एका नोंदीपुढे सात-आठपेक्षा जास्त पान क्रमांक जमले तर पोटनोंदी पाडा. संगणकावर शोधताना तो ऱ्य दोन्ही पद्धतींनी शोधा, नाहीतर किनाऱ्याची निम्मी पानं सूचीत येणारच नाहीत.